विंडोज, मॅक, लिनक्स आणि ६६० जीबीची एक फाइल: बॅकअप घ्यायचा कसा?

छोट्या व्हिडिओ स्टुडिओत साधारण अशी मांडणी असते: एडिटिंग मॅकवर, ग्राफिक्स आणि हिशेब विंडोजवर, आणि सगळ्यांच्या फाइली सांभाळायला लिनक्सचा सर्व्हर किंवा नॅस (नेटवर्कला जोडलेली साठवणुकीची पेटी). दोन तासांच्या नाटकाचं ४के चित्रीकरण प्रोरेस ४२२ एचक्यू या एडिटिंगच्या व्हिडिओ-प्रकारात, सेकंदाला २५ फ्रेम या वेगाने साठवलं, तर तासाला सुमारे ३३० जीबी जागा लागते. म्हणजे सलग एकच फाइल ६६० जीबीची. आभासी मशीनच्या (एका संगणकात चालणाऱ्या दुसऱ्या संगणकाच्या) डिस्क, डेटाबेसचे डंप (पूर्ण प्रती), ड्रोन सर्वेक्षणाचे नकाशे यांच्या बाबतीतही आकडे याच घरात जातात.

एवढ्या फाइलचा बॅकअप घ्यायची वेळ आली की बहुतेक जण आधी एक प्रश्न विचारतात: तिन्ही ठिकाणी चालेल अशी डिस्क कोणत्या प्रकारात फॉरमॅट करू? आमच्या मते घोटाळ्याची सुरुवात इथेच होते. फाइल एका मशीनवरून दुसऱ्या मशीनवर नेणं हे एक काम आहे आणि ती वर्षानुवर्षं सुरक्षित ठेवणं हे दुसरं. नेण्यासाठी जी डिस्क सोयीची, तीच ठेवण्यासाठी बहुधा सगळ्यात कच्ची असते. हे का, ते आधी पाहू.

सगळीकडे चालणारी डिस्क

पेनड्राइव्ह बऱ्याचदा फॅट ३२ मध्ये (डिस्कवर फाइली मांडण्याच्या एका जुन्या प्रकारात) फॉरमॅट केलेला येतो. त्यात फाइलचा आकार नोंदवायला ३२ बिटांचीच जागा आहे. त्यामुळे एका फाइलची कमाल मर्यादा ४,२९,४९,६७,२९५ बाइट, म्हणजे ४ जीबीला एक बाइट कमी. डिस्कवर १ टीबी रिकामी असली तरी विंडोज ‘फाइल फार मोठी आहे’ असं सांगून थांबतं. नवी डिस्क घेतल्याने किंवा जागा मोकळी केल्याने यात काहीही फरक पडत नाही. फॉरमॅट बदलावा लागतो, किंवा फाइलचे तुकडे करावे लागतात.

एक्सफॅटमध्ये ही अडचण नाही. मायक्रोसॉफ्टने ते २००६ मध्ये आणलं आणि त्याचे तपशील २०१९ मध्ये खुले केले. आता विंडोज, मॅक आणि अलीकडचं लिनक्स तिन्ही त्यावर वाचतात आणि लिहितात. म्हणून ने-आण करायची असेल तर एक्सफॅटच वापरा. पण त्यात जर्नल नसतं, म्हणजे ‘मी आत्ता काय लिहीत होतो’ याची नोंद डिस्क ठेवत नाही. कॉपी चालू असताना केबल निघाली किंवा वीज गेली तर नुसती अर्धी फाइल जाईल असं नाही, पूर्ण फोल्डरची यादीही बिघडू शकते. लिनक्सचे मालकीहक्क, परवानग्या आणि सिमलिंक (दुसऱ्या फाइलकडे बोट दाखवणाऱ्या नोंदी) त्यावर टिकत नाहीत. मॅक प्रत्येक फाइलशेजारी ‘टिंब-अंडरस्कोअर’ने सुरू होणारी छोटी फाइल सोडतो. शिवाय मोठ्या डिस्कवर विंडोज एक्सफॅटचा क्लस्टर (फाइलला जागा देण्याचा सगळ्यात लहान तुकडा) नेहमीच्या सेटिंगमध्ये १२८ केबीचा ठेवतं. एका मोठ्या फाइलला त्याने काही होत नाही, पण एडिटिंग प्रोजेक्टमधल्या २ केबीच्या एक लाख फाइली, ज्यांचा खरा मजकूर २०० एमबी आहे, त्यावर १२ जीबीच्या वर जागा खातात.

विंडोजचं एनटीएफएस मॅकला वाचता येतं, पण स्वतःहून त्यावर लिहिता येत नाही. मॅकचं एपीएफएस विंडोजला मुळीच कळत नाही. लिनक्सचं ईएक्सटी ४ विंडोजला डब्ल्यूएसएल २ (विंडोजच्या आत लिनक्स चालवण्याची सोय) मधून जोडता येतं, पण ते जाणकाराचं काम आहे. म्हणून ठेवणीची डिस्क ज्या मशीनला कायमची जोडलेली आहे, तिच्याच घरच्या प्रकारात ठेवा: लिनक्स सर्व्हर असेल तर ईएक्सटी ४, झेडएफएस किंवा बीटीआरएफएस. बाकीची मशीन त्या डिस्कशी थेट बोलतच नाहीत, नेटवर्कवरून सर्व्हरशी बोलतात. सर्व्हरच्या आत कोणता प्रकार आहे याच्याशी विंडोजला किंवा मॅकला देणंघेणं नसतं. मिश्र मशीनच्या कार्यालयात हा एक निर्णय घेतला की निम्मे प्रश्न मिटतात.

मराठी नावांच्या फाइली

आकाराइतकाच त्रास नावं देतात, आणि देवनागरीत नावं देणाऱ्यांना जरा जास्तच. लिनक्सवर ईएक्सटी ४ मध्ये फाइलच्या नावाला २५५ बाइटची मर्यादा आहे, तर विंडोजच्या एनटीएफएसमध्ये २५५ अक्षर-एककांची. इंग्रजी अक्षराला एक बाइट पुरतो. देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला यूटीएफ-८ मध्ये (अक्षरं बाइटमध्ये लिहिण्याच्या पद्धतीत) तीन बाइट लागतात, आणि काना, मात्रा, हलन्त ही सगळी वेगळी चिन्हं मोजली जातात. ‘महाराष्ट्र’ या एका शब्दात दहा चिन्हं आहेत, म्हणजे तीस बाइट. त्यामुळे विंडोजवर आरामात बसलेलं नाव लिनक्सवर ८५ चिन्हांच्या पुढे ‘नाव फार लांब’ म्हणून अडतं. ‘नाटकाचं नाव, अंक, तालमीची तारीख, कॅमेरा, अंतिम, नवीन अंतिम’ असं सगळं नावात भरण्याची सवय असेल तर ८५ ही संख्या लवकर येते.

दुसरी गोष्ट जास्त फसवी आहे. ‘दुसऱ्या अंकाची तालीम’ या नावातला ऱ युनिकोडमध्ये दोन प्रकारे लिहिता येतो: एकच चिन्ह म्हणून, किंवा र आणि खाली नुक्ता अशी दोन चिन्हं म्हणून. डोळ्याला दोन्ही सारखेच दिसतात. मॅकची जुनी एचएफएस प्लस डिस्क नाव साठवतानाच त्याची फोड करून दोन चिन्हं करते. नवी एपीएफएस जसं दिलं तसं ठेवते, पण दोन्ही एकच समजते. लिनक्सच्या लेखी मात्र ती दोन वेगळी नावं आहेत. लिनक्सवरून जुन्या मॅक डिस्कवर ‘मूळ ठिकाणी नसेल ते पुसून टाक’ अशा पर्यायासह आरसिंक (दोन ठिकाणच्या फाइली जुळवून कॉपी करणारं साधन) चालवलं, तर तीच फाइल प्रत्येक वेळी पुसली जाऊन पुन्हा पहिल्यापासून कॉपी होऊ शकते. शंभर केबीच्या फाइलला हे लक्षातही येणार नाही. ६६० जीबीला रोज रात्र जाते. आरसिंकच्या ३.० पासूनच्या आवृत्त्यांत ‘आयकॉन्व्ह’ हा पर्याय आहे. त्यात एका बाजूला ‘यूटीएफ-८-मॅक’ आणि दुसऱ्या बाजूला ‘यूटीएफ-८’ दिलं की नावांचा मेळ बसतो. ‘ऱ्य’ काही कीबोर्डवर र, हलन्त आणि न दिसणारा जोडक अशा तिसऱ्या पद्धतीनेही उमटतो. तो मात्र कोणत्याच रूपांतराने बाकीच्या दोघांशी जुळत नाही. नाव बदलणं हाच उपाय.

विंडोजला न चालणारी चिन्हं बहुतेकांना माहीत असतात: अपूर्णविराम, प्रश्नचिन्ह, तारका, दुहेरी अवतरण, उभी रेघ, दोन्ही तिरप्या रेघा आणि कोनी कंस. नावाच्या शेवटी टिंब किंवा मोकळी जागाही चालत नाही. लिनक्सवर ‘सीन’ शब्द इंग्रजीत एकदा लहान आणि एकदा मोठ्या अक्षराने लिहून दोन फाइली केल्या असतील, तर विंडोजवर किंवा नेहमीच्या मॅकवर येताना एक दुसरीवर लिहिली जाते, तीही निमूटपणे. म्हणून मोठ्या फाइलींना नावं आखूड ठेवा आणि लांबलचक वर्णन शेजारच्या मजकूर-फाइलीत लिहा.

तारखांचं एक लक्षण सांगून ठेवतो. फॅट ३२ वेळ स्थानिक घड्याळाप्रमाणे, आणि तीही दोन-दोन सेकंदांच्या टप्प्यात नोंदवतं. दोन मशीनवर त्याच फाइलच्या वेळेत बरोबर साडेपाच तासांचा फरक दिसला, तर फाइल बदललेली नसते. एका यंत्रणेने ती वेळ भारतीय धरली आणि दुसरीने जागतिक, एवढंच झालेलं असतं.

कॉपी करताना

आधी वेळेचा हिशेब मांडा. एक गिगाबिटच्या नेटवर्कवर प्रत्यक्षात सेकंदाला सुमारे ११० एमबी जातात. ६६० जीबीला १ तास ४० मिनिटं. यूएसबी २ च्या जुन्या पोर्टमध्ये डिस्क लागली तर सेकंदाला ३५ एमबी धरा, म्हणजे सव्वापाच तास. इंटरनेटचा अपलोड १०० मेगाबिटचा असेल तर कागदावरच पावणेपंधरा तास. वायफायवरून हे काम करूच नका. सुरुवातीला वेग चांगला असून तासाभराने २०-३० एमबीवर घसरला, तर डिस्क एसएमआर (एकमेकांवर थोडे चढलेले पट्टे लिहिणाऱ्या) प्रकारची असण्याची शक्यता मोठी: तिची पटकन लिहायची राखीव जागा भरली की ती आतल्या आत पट्टे पुन्हा लिहीत बसते. अशी डिस्क बिघडलेली नसते, सलग मोठ्या लिखाणासाठी चुकीची निवडलेली असते.

एवढ्या वेळात कॉपी तुटते ती बहुधा मशीन झोपल्यामुळे. विंडोजमध्ये स्लीप बंद करा. मॅकवर ‘कॅफिनेट’ आज्ञेच्या आत कॉपी चालवा. लिनक्सवर दूरून काम करत असाल तर ‘टीमक्स’मध्ये चालवा, म्हणजे तुमचा लॅपटॉप बंद झाला तरी काम चालू राहतं. माउसने ओढून केलेली कॉपी तुटली की पहिल्यापासून सुरू करावी लागते, म्हणून फाइंडर आणि एक्सप्लोरर दोन्ही इथे टाळलेले बरे.

विंडोजमध्ये रोबोकॉपी हे आज्ञा देऊन चालवायचं कॉपीचं साधन आधीपासून असतं. ‘/झेड’ दिलं की तुटलेली कॉपी पुढे सुरू होते. वेग थोडा कमी होतो, पण भरवशाच्या नसलेल्या जोडणीवर ते परवडतं. जोडणी पक्की असेल तर ‘/जे’ द्या, मोठ्या फाइलींसाठीच ते आहे. आणि ‘/आर:३ /डब्ल्यू:१०’ आठवणीने लिहा. न लिहिल्यास रोबोकॉपी उघडता न येणाऱ्या फाइलसाठी तीस-तीस सेकंद थांबून दहा लाख वेळा प्रयत्न करतं. म्हणजे सकाळी तुम्ही पाहता तेव्हा ते पहिल्याच फाइलवर अडकलेलं असतं. ‘/एमआयआर’ मूळ ठिकाणी नसलेलं सगळं पलीकडे पुसतं. मूळ आणि पलीकडचा रस्ता उलटे पडले तर रिकाम्या डिस्कची हुबेहूब नक्कल होते, त्यामुळे आधी ‘/एल’ लावून नुसती यादी पाहा.

आरसिंकची ख्याती अशी की ते फाइलमधला बदललेला भागच पाठवतं. ती खरी आहे, पण एका अटीवर. आरसिंक दोन्ही टोकांना चालत असेल, म्हणजे एसएसएचमधून (दूरच्या मशीनशी सुरक्षित जोडणीतून) सर्व्हरशी बोलत असेल, तरच हे घडतं. सर्व्हरचं फोल्डर मॅकवर शेअर म्हणून जोडून त्यावर आरसिंक चालवलं, तर त्याला ती स्थानिक कॉपी वाटते आणि बदलाचा शोध न घेता ते पूर्ण ६६० जीबी पुन्हा पाठवतं. ‘आरसिंक असूनही रोज तेवढाच वेळ लागतो’ या तक्रारीमागे बहुधा हेच असतं. मॅकसोबत येणारं आरसिंकही मूळ प्रकल्पाची ताजी आवृत्ती नसते. ती होमब्रूमधून (मॅकवर प्रोग्राम बसवण्याच्या साधनातून) वेगळी बसवा.

आणखी एक हिशेब. आरसिंक नवी प्रत आधी तात्पुरत्या नावाने लिहितं आणि पूर्ण झाल्यावर जुनीच्या जागी ठेवतं. सुरक्षित पद्धत आहे, पण त्यासाठी पलीकडे आणखी ६६० जीबी मोकळे हवेत. ‘इनप्लेस’ पर्यायाने जागा वाचते, मात्र मध्येच तुटलं तर जुनी प्रत मोडलेली आणि नवी अपुरी, असं दोन्हीकडून नुकसान. सर्व्हरवर झेडएफएस किंवा बीटीआरएफएस असेल तर आधी स्नॅपशॉट (डिस्कचं त्या क्षणाचं गोठवलेलं चित्र) घ्या आणि मग ‘इनप्लेस’ चालवा. जुनी अवस्था स्नॅपशॉटमध्ये शाबूत राहते आणि नवी जागा फक्त बदललेल्या भागापुरती लागते. मोठ्या फाइलींसाठी याहून चांगली साधी मांडणी आम्हाला माहीत नाही.

फाइल उघडी असताना कॉपी घेऊ नका. कॉपीला शंभर मिनिटं लागत असतील तर पहिल्या आणि शेवटच्या भागात शंभर मिनिटांचं अंतर असतं. चालू आभासी मशीनच्या किंवा डेटाबेसच्या बाबतीत अशी प्रत उघडेलच याची खात्री नाही. विंडोजमध्ये शॅडो कॉपी, मॅकवर एपीएफएसचा स्नॅपशॉट, लिनक्सवर एलव्हीएम किंवा झेडएफएस यांनी एका क्षणाचं चित्र गोठवता येतं आणि मग त्याची निवांत कॉपी घेता येते. डेटाबेससाठी त्याचं स्वतःचं डंप साधन वापरा. आणि क्लाउडच्या फोल्डरकडे जरा बघा: वनड्राइव्ह किंवा आयक्लाउडमध्ये दिसणारी फाइल प्रत्यक्ष डिस्कवर असतेच असं नाही, कधी कधी फक्त तिची पाटी असते.

तुकड्यांनी साठवणारी साधनं

इथवर सांगितलेल्या बहुतेक अडचणी टाळण्याचा रस्ता म्हणजे फाइल फाइल म्हणून न ठेवता तुकड्यांत ठेवणं. रेस्टिक, कोपिया आणि बोर्ग ही साधनं हेच करतात. पहिली दोन विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हीवर चालतात. बोर्ग विंडोजवर थेट चालत नाही, म्हणून मिश्र कार्यालयासाठी आम्ही रेस्टिक सुचवतो.

तुकडे पाडण्याची पद्धत समजून घेण्यासारखी आहे. फाइल सरळ एक-एक एमबीवर कापली, आणि उद्या तिच्या सुरुवातीला एक बाइट वाढला, तर पुढचे सगळे तुकडे एका बाइटने सरकतात. कालचा एकही तुकडा आजच्याशी जुळत नाही आणि सगळं पुन्हा साठवावं लागतं. म्हणून रेस्टिक अंतर मोजून कापत नाही, मजकूर पाहून कापतं. ६४ बाइटची एक खिडकी फाइलवरून एकेक बाइट पुढे सरकते, आणि आतल्या मजकुरावरून काढलेल्या संख्येचे शेवटचे ठरावीक बिट शून्य आले की तिथे काप पडतो. तुकडे कमीत कमी ५१२ केबी, जास्तीत जास्त ८ एमबी आणि सरासरी १ एमबीच्या आसपास असतात. सुरुवातीला बाइट वाढला तरी पुढची कापण्याची ठिकाणं त्याच मजकुरावर पडतात, म्हणून पहिला एखादा तुकडा बदलतो आणि बाकीचे कालचेच राहतात. जो तुकडा साठ्यात आधीच आहे तो पुन्हा लिहिला जात नाही, मग तो मॅकवरून आलेला असो वा विंडोजवरून.

हे तुकडे कुलूपबंद करून सुमारे १६ एमबीच्या गठ्ठ्यांत ठेवले जातात, आणि गठ्ठ्यांची नावं म्हणजे आकडे आणि ‘ए’ ते ‘एफ’ या इंग्रजी अक्षरांची ओळ. त्यामुळे साठ्यात ४ जीबीच्या जवळपास जाणारी फाइलच नसते, ८५ चिन्हांचा प्रश्न येत नाही, आणि ऱ कसा लिहिला हे साठ्याच्या डिस्कला कळतही नाही. मूळ नाव, वेळ आणि परवानग्या गठ्ठ्याच्या आत जपलेल्या असतात. साठा फार मोठा, कित्येक टीबीचा असेल तर गठ्ठ्याचा आकार वाढवा, म्हणजे फाइलींची संख्या आवाक्यात राहते.

यातही काही गोष्टी सांभाळाव्या लागतात. फाइलची वेळ बदललेली दिसली की रेस्टिक ती पूर्ण वाचतं. ६६० जीबी हार्ड डिस्कवरून सेकंदाला १५० एमबीने वाचायला सव्वा तासाच्या आसपास जातो. बदल एका फ्रेमचा असला तरी साठा थोडा वाढतो, वेळ मात्र तेवढाच लागतो. बॅकअपच्या आधी फाइल झिप करू नका: आतला छोटासा बदलही झिपचा पुढचा सगळा मजकूर बदलून टाकतो आणि तुकडे जुळत नाहीत. विंडोजवर शॅडो कॉपी वापरण्याचा पर्याय चालू करा. त्यासाठी प्रशासकाचे अधिकार लागतात. मॅकवर टर्मिनलला ‘फुल डिस्क अॅक्सेस’ दिला नाही तर काही फोल्डर वगळले जातात आणि ते फक्त शेवटच्या संदेशांत कळतं. आणि व्हेराक्रिप्टचा डबा (पासवर्डने उघडणारी कुलूपबंद फाइल, जिच्या आत इतर फाइली असतात) असेल तर त्याची एक सेटिंग पाहा: ते डब्याची बदलाची वेळ नेहमीच्या सेटिंगमध्ये जशीच्या तशी ठेवतं. आत रोज काम होत असलं तरी वेळ पाहून ठरवणाऱ्या साधनाला डबा जुनाच वाटतो आणि तो वगळला जातो. ती सेटिंग बंद करा.

दुसऱ्या जागी प्रत, आणि तपासणी

तीन प्रती, दोन प्रकारच्या माध्यमांवर, एक दुसऱ्या जागी, हा नियम मोठ्या फाइलींनाही लागू आहे. पहिला बॅकअप इंटरनेटवरून पाठवण्याचा हट्ट धरू नका. डिस्कवर साठा तयार करून ती डिस्क दुसऱ्या जागी नेऊन ठेवा आणि पुढचे बदल इंटरनेटवरून जाऊ द्या. क्लाउडवर सलग फाइल चढवायची असेल तर मर्यादा आधी पाहा. वनड्राइव्हवर एका फाइलला २५० जीबीची मर्यादा आहे. गूगल ड्राइव्हवर एका दिवसात ७५० जीबीच चढवता येतात. अॅमेझॉन एस३ वर मोठी फाइल जास्तीत जास्त १०,००० भागांत जाते, म्हणजे ६६० जीबीला प्रत्येक भाग किमान ६६ एमबीचा हवा. १०० एमबी ठेवा. भाग लहान राहिला तर अपलोड शेवटाजवळ येऊन फसतो, आणि तोवर अख्खा दिवस गेलेला असतो.

सर्व्हरचं शेअर कायम जोडलेलं असेल तर खंडणी मागणारा व्हायरस विंडोजसोबत त्या शेअरवरचा बॅकअपही कुलूपबंद करतो. रेस्टिकचा स्वतःचा सर्व्हर ‘फक्त वाढव’ या पद्धतीने चालवता येतो: मशीनला नवं लिहिता येतं, जुनं पुसता येत नाही. जुनं साफ करायचं काम सर्व्हरवरूनच करा.

सलग कॉपी केलेल्या फाइलचा आकार जुळला म्हणजे मजकूर जुळला असं नाही. एसएचए-२५६ चा ठसा (फाइलच्या मजकुरावरून काढलेली ओळखसंख्या) दोन्हीकडे काढा. विंडोजमध्ये पॉवरशेलचं ‘गेट-फाइलहॅश’, मॅकवर ‘शासम’ला २५६ हा पर्याय देऊन, लिनक्सवर ‘एसएचए२५६सम’. तिन्हींचं उत्तर ६४ अक्षरांचं आणि सारखंच यायला हवं. विंडोज अक्षरं मोठी दाखवतं, तेवढा फरक सोडून द्या. हा ठसा पहिल्या दिवशीच, कॅमेऱ्याच्या कार्डावरून फाइल उतरवताना काढून ठेवा. नंतर काढला तर तोवर झालेला बिघाडही त्यात ‘बरोबर’ म्हणून नोंदला जातो. रेस्टिकच्या साठ्यासाठी ‘चेक’ आज्ञेला ‘दहा टक्के डेटा वाच’ असं दर आठवड्याला सांगता येतं.

तीन महिन्यांतून एकदा एक पूर्ण मोठी फाइल परत काढा, आणि ती ज्या यंत्रणेवर बनली तिच्यावर न काढता दुसरीवर काढा: मॅकची विंडोजवर, विंडोजची लिनक्सवर. नावातला अपूर्णविराम, लांबलचक देवनागरी नाव, हरवलेल्या परवानग्या हे सगळं तिथेच उघडं पडतं. आभासी मशीनची डिस्क परत काढताना जागा जास्त ठेवा. ५०० जीबीची म्हणून दिसणारी विरळ फाइल (जिच्या रिकाम्या भागांना डिस्कवर जागा दिलेली नसते) लिनक्सवर प्रत्यक्षात ६० जीबीत मावलेली असू शकते, पण एक्सफॅटवर उतरवताना तिला पूर्ण ५०० लागतात.

रेस्टिकचा पासवर्ड हरवला तर साठा उघडण्याचा दुसरा कोणताही मार्ग नाही. तो कागदावर लिहून दोन वेगळ्या ठिकाणी ठेवा, बॅकअप घेतलेल्या मशीनवर नव्हे. रेस्टिक हा एकाच फाइलचा प्रोग्राम आहे, म्हणून दुसऱ्या जागी ठेवलेल्या डिस्कवर साठ्याशेजारी त्याच्या विंडोज, मॅक आणि लिनक्स अशा तिन्ही आवृत्त्या ठेवा, आणि ती डिस्क एक्सफॅटमध्ये नसेल तर ती कोणत्या मशीनला जोडायची हे वर चिकटवलेल्या पट्टीवर लिहा.